न पाहिलेल्या चित्रपटावरचं भाषण

३ जुलै, गुरुवार
दुपारी तो चित्रपट पाहिला. रविवारी आमच्या मराठी मंडळात दाखवणार आहेत, प्रास्ताविक माझ्याकडे. पहिल्यांदाच पाहिला. हे इथे तरी खरं लिहावं.
सतरा वर्षांपूर्वी याच चित्रपटाविरुद्ध मी पाऊण तास बोललो होतो. वसुधाबाई तेव्हा मंडळाच्या चिटणीस. त्यांना तो दाखवायचा होता. मी उभा राहिलो नि बेत हाणून पाडला. "हॉलिवूडनं संगीतिकेचं मढं सजवलंय! ती धोबीण अंगठी नदीत फेकते, आणि मागे शंभर मुली नाचतात!" टाळ्या. मूळ संगीतिकेची संहिता वाचली होती, तिच्यावरचे तीन ग्रंथ वाचले होते. चित्रपट कशाला पाहायचा?
चित्रपटात ती संहितेतली नदी नाही. अंगठी नाही. शेवटी ती एकटीच इस्त्री करता करता गाते. एकही मुलगी नाचत नाही. मी रडलो.
कुमुद (बायको, शेजारीच बसलेली) म्हणाली, "चांगला आहे की हो. शिव्या कशाला दिल्या होत्या?"

४ जुलै
त्या सभेनंतर वसुधाबाई मंडळाची पायरी चढल्या नाहीत. मला वाटायचं, हरल्या म्हणून. सतरा वर्षं हेच वाटायचं. वाहवा रे विचारवंत.

५ जुलै
मंडळात जाऊन त्या सभेचं इतिवृत्त काढलं. नदी, अंगठी, सगळं लेखी असणार. उद्या चित्रपट संपला की कोणीही वाचून दाखवील. वसुधाबाईंचं टपोरं अक्षर: "सरांनी विरोधाची बाजू परखडपणे मांडली." बस्स. नदीचा उल्लेखही नाही.
त्यांनी चित्रपट पाहिला होता. एका वाक्यात मला आडवं करता आलं असतं.
सुटलो, असं वाटलं. मग त्याचीच लाज.
तसाच त्यांच्या घरी, जामबागला. "बाई, त्या दिवशी बोलला का नाहीत?"
"तुम्ही बोलू दिलंत?"
चहा मात्र दिला. उद्या या म्हटलं. "बघू. गुडघ्यांना विचारून सांगते."

६ जुलै
प्रास्ताविक चार मिनिटं. जन्मातलं सगळ्यात छोटं. सांगून टाकलं: मी न पाहता बोललो होतो, आणि चुकीचं बोललो होतो. तिसऱ्या रांगेतून आवाज, "सर, मोठ्यानं बोला! एरवी आबिड्सच्या चौकापर्यंत ऐकू जातं." वसुधाबाई! सगळे हसले. जाताना आयटीतला एक तरुण सभासद म्हणाला, "क्या सर, एकदम हौलेपणा केला की तुम्ही." केलाच वेडेपणा. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जेवलोही दुप्पट.

७ जुलै
वसुधाबाईंचा फोन. "इतिवृत्तात मी तुमची नदी-अंगठी गाळली, तेही खोटंच झालं. पुढच्या सभेत दुरुस्ती मांडा."
"मांडतो. सूचक मी. अनुमोदक तुम्ही?"
"माझं सदस्यत्व कधीच संपलंय. आणि तुमचं भाषण पुन्हा ऐकायचं म्हणजे..." हसल्या की काय, कळलं नाही. फोन ठेवला.
मंडळातून सदस्यत्वाचा अर्ज आणलाय. खाली एका जुन्या सभासदाची शिफारस लागते. माझी सही करून ठेवलीय. माझी त्यांना चालेल का, हे विचारायला उद्या जामबाग.