पांढऱ्या कारल्याचं बी

पुणे, २४ जून १९७७

ती. मालन आत्यास, हंसाचा सा. न. वि. वि.

कॉलेज सुरू झालं. वसतिगृहाच्या वरणात डाळ शोधावी लागते, तेव्हा तुझी आठवण येते.

काल वनस्पतिशास्त्राच्या तासाला बीजावरण शिकवलं. बियांवरच्या टरफलाला शास्त्रात ‘टेस्टा’ म्हणतात. शब्द लॅटिन, मूळ अर्थ भाजलेलं मडकं किंवा खापर. मला एकदम बाबांचं राखेचं मडकं आठवलं, पांढऱ्या कारल्याचं बी ठेवायचे ते.

बाबा पेरण्याआधी बियांचं टोक दगडावर घासायचे. मे महिन्यात आपण तर सगळ्या बियांचं टरफलच सोलून काढलं, म्हणजे कोंब त्याहून लवकर यायला हवेत. आले का? बाबांच्या मागे हा पहिलाच वेल.

तुझी लाडकी,
हंसा

पापडी, ५ जुलै

चि. हंसास अनेक आशीर्वाद. वि. वि.

वरणात डाळ सापडली की कळव. रखमाबाईची म्हैस व्यायली. तिने खरवस पाठवला, तुझ्या वाट्याचा मीच खाल्ला. काळूरामकडून वेलासाठी मांडव घालून घेतला, बांबू नवे आहेत.

कारल्याचं लिहायचं टाळत होते. आळी उकरून पाहिली. बी कुजून गेलं, एकही उगवलं नाही. मनाला लावून घेऊ नकोस. सोलायला मीही होते, आणि तुझ्याहून भरभर.

माया आहेच, ती तशीच राहो.
मालन आत्या

पुणे, ११ जुलै

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

सरांना विचारलं. ते म्हणाले, टरफल पाणी बेताने आत घेतं आणि बुरशी बाहेर ठेवतं. टोक घासलं असतं तरी पुरे होतं. हे आधी विचारायला हवं होतं.

मडक्यात थोडं तरी बी उरलंय का? शेजारचे बॅप्टिस्टकाका दरवर्षी बी मागायचे. बाबांनी त्यांना कधी दिलं असेल का? लाज वाटली तरी विचार.

हंसा

पापडी, २ ऑगस्ट

चि. हंसास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मडक्यातली राख चाळली. काही नाही.

बॅप्टिस्टकडे जाऊन आले. तुला ठाऊक आहे, दादा म्हणायचा, कारली टोपलीभर ने, बी मागू नकोस. आपल्या घरची वस्तू आपल्याच घरी राहावी, असा त्याचा हट्ट. आम्हीही तेव्हा हसायचो. मी सगळं सांगितलं. बॅप्टिस्ट म्हणाला, गंगारामने तेव्हा चार बिया दिल्या असत्या, तर आज मी दोन परत आणून दिल्या असत्या.

मांडव रिकामा बरा दिसेना, म्हणून दुधी चढवला आहे. दिवाळीला ये. मडकं तेवढं तू धू, माझा हात धजत नाही.

तुझ्यावरचा जीव तसूभरही कमी झालेला नाही, हे जाणून अस.
मालन आत्या