स्वयंपाकघराच्या दारातला पाट

तंजावूर,
१४ जून १९९६

ती. अण्णांस, अंबाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी पोचलं. वाचून झाल्यावर ते दारच्या ओट्यावर तसंच उघडं टाकून मी कामाला लागले. देवनागरी वाचणारं या गल्लीत आता माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही, तेव्हा आपली गुपितं वाऱ्यावर उडाली तरी सुरक्षित.

नर्सची नोकरी मुदतीआधी सोडून हे घर उघडलं त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. आता अकरा जण येतात. मुलं मद्रासला, बंगळुराला, अमेरिकेत. म्हातारी माणसं सकाळी आठला माझ्याकडे, संध्याकाळी पाचला आपापल्या घरी. कामाक्षीकाकू तेवढ्या, हे घर उघडण्याच्या आधीपासून, रात्रंदिवस माझ्याजवळ. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्यांचा आवाज राजवाड्यापर्यंत जातो.

एक बातमी आहे. तिरुवैयारूच्या एका संगीतशिक्षकांनी नदीकाठचं रिकामं घर देऊ केलं आहे. तिथंही असंच सुरू करा म्हणतात. जानेवारीतल्या पोंगलपर्यंत उत्तर हवं आहे. मला हवंहवंसं वाटतं, पण ते सांभाळणार कोण? माझ्या चारही बायका कामाला वाघ आहेत, पण पुढे होऊन काही करणं म्हणून नाही. खिडकी लावू का, हेसुद्धा मला विचारतात. तुम्ही पंचवीस वर्षं कारखान्यात फोरमन तयार केलेत. साध्या कामकरणीची जबाबदार बाई कशी करतात, ते लिहा. पुस्तकी नको.

वहिनींच्या माघारी डब्यावर दिवस काढता, त्यात भाजी रोज असते ना, तेही लिहा. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
अंबा

•

पुणे,
२२ जून १९९६

चि. अंबास, अनेक आशीर्वाद.

डब्यात भाजी असते. कुठली ते ओळखण्यात माझी दुपार बरी जाते.

पुस्तकी नको म्हणतेस, तर एक कामच देतो. एक आठवडा वही जवळ ठेव. कुणीही काही विचारायला आली, की कोण आली, काय विचारलं, एवढंच लिही. उत्तर काय दिलंस ते लिहू नकोस, नाहीतर तू वहीतही स्वतःचंच कौतुक करशील. लहानपणापासूनची सवय आहे तुझी.

माझा अनुभव एवढाच, की उठल्याबसल्या विचारणारा माणूस मुळात तसा नसतो. न विचारता केल्याबद्दल त्याला कुणीतरी कधीतरी बोललेलं असतं.

काकूंना साष्टांग नमस्कार. तुझी, धाकट्या बहिणीची, आठवण इथं रोज निघते, हे विसरू नये.

अण्णा

•

तंजावूर,
९ जुलै १९९६

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

वही केली. आठवड्यात एकसष्ट प्रश्न. मला हसू आलं, मग आलं नाही. त्यांतले चाळीस खाण्यापिण्याचे. मामांना ताक देऊ का, पाणी संपलं, भात मऊ करून मिळेल का, असे. कारण तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या दिवशीच मी सगळ्या घरांना शब्द दिला होता, की स्वयंपाक सोवळ्यात होईल आणि पानावर मीच वाढीन. त्यावर विश्वास टाकूनच इथल्या आपल्या मराठी लोकांनी आईवडील माझ्याकडे धाडले. म्हणून स्वयंपाकघराच्या दारात मी एक पाट आडवा ठेवला आहे. त्यापलीकडे फक्त मी.

चौघींत तैयलनायकी सगळ्यांत हुशार. पापनाशमजवळच्या खेड्यातली, शेतावर राबून आलेली, चाळिशीची बाई. वेंकटरमणमामा कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांना साखरेचा आजार. ते कसे चालतात एवढं पाहून तैयल सांगते, आज साखर बिघडली आहे. मी तीस वर्षं नर्स होते, मला ते जमत नाही. पण तिला पाट ओलांडू दिला, तर काकू त्या दिवशी जेवायच्या नाहीत आणि निम्मी घरं आपली माणसं धाडायची बंद होतील. हॉटेलात जेवणाऱ्या पुणेकरांनी यावर व्याख्यान देऊ नये, ही आगाऊ विनंती.

आपली,
अंबा

•

पुणे,
१७ जुलै १९९६

चि. अंबास, अनेक आशीर्वाद.

व्याख्यान देत नाही. एकच विचारतो. तुला ताप आला, तर त्या दिवशी त्या अकरा जणांना कोण जेवू घालील?

उत्तर मला नको, स्वतःला दे. इकडे ठीक आहे. जीव जपून असावं.

अण्णा

•

तंजावूर,
५ सप्टेंबर १९९६

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

ताप आला नाही. मालगाडी आली.

सोमवारी पहाटे स्वयंपाक करून मी पापनाशमला एका आजारी बाईंना पाहायला गेले. साडेअकराच्या आत परतायचा हिशेब होता. वाटेत रेल्वे फाटकातच मालगाडी बंद पडली आणि माझी बस दोन तास उन्हात उभी राहिली. घरी पोचले तेव्हा दोन वाजत आले होते.

आत पातेली झाकलेली. भात, रसम, भाजी, सगळं तयार. बाहेर अकरा माणसं उपाशी. काकू दाराशी बसून पाटावर पहारा देत होत्या. वेंकटरमणमामांनी सकाळी साखरेची गोळी घेतली होती आणि तिच्यावर जेवण नाही. ते आडवे होते, अंगातला सदरा घामानं भिजलेला. तैयल त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्यांची जीभ जड झाली, म्हणजे साखर फार उतरली, हे ओळखून ती कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे धावली होती, मूठभर साखर आणून तिनं त्यांच्या गालाच्या आत चोळली होती. मी आले तेव्हा ते डोळे उघडून मुलीचं नाव घेत होते.

मी तैयलवर ओरडले, अण्णा. पातेली दहा पावलांवर असताना आत का गेली नाहीस म्हणून. सगळ्यांच्या देखत. ती तमिळमध्ये म्हणाली, “अम्मा, तुम्ही सांगितलं माणसं सांभाळ. तुम्हीच सांगितलं पाट ओलांडू नकोस. दोन्हींतलं मोठं कुठलं, ते सांगितलं नाही.”

मामांना भात भरवून झाल्यावर तिनं तिच्याकडे असलेल्या घराच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि गावी निघून गेली. तीन दिवस झाले, आली नाही. उरलेल्या तिघी माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. तिरुवैयारूचं राहू द्या, हेच घर बंद करावं असं वाटतं. मामांना काही झालं असतं, तर मी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं असतं?

अंबा

•

पुणे,
१२ सप्टेंबर १९९६

चि. अंबास, अनेक आशीर्वाद.

घर बंद केलंस तर त्या अकरा जणांनी कुठं जायचं? ते आधी ठरव, मग बंद कर.

तिच्या गावी तू स्वतः जा. निरोप धाडू नकोस. देईल ते पाणी पी, दिलं तर जेव. परत ये म्हणू नकोस; काय केलं तर येशील, असं विचार. ती सांगेल ते तुला बोचेल, तरी पुरतं ऐकून घे. आणि झालेली गोष्ट सगळ्या घरांना तूच कळव. मामांच्या मुलीला सर्वांत आधी.

पहिल्या वर्षी मीही एका फोरमनवर असाच सगळ्यांदेखत ओरडलो होतो. चूक माझी होती. त्याच्या घरी मी गेलो नाही, आणि तो पुन्हा कधी आपणहून माझ्याशी बोलला नाही. तू जा.

अण्णा

•

तंजावूर,
२७ ऑक्टोबर १९९६

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

गेले. पाणी प्याले. तिच्या आईनं केळीच्या पानावर दहीभात वाढला, तो जेवले. तैयल काही विरघळली नाही. तिनं तीन गोष्टी सांगितल्या. स्वयंपाकघरात ती जाईल. मी नसेन तेव्हा तिचा शब्द शेवटचा. आणि चौघी बायका ओट्यावर नाही, आत पंगतीत जेवतील. चौघी दोन वर्षं ओट्यावर जेवत होत्या आणि माझ्या ते कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तिन्ही कबूल करून आले. घरांना पत्रं टाकली. दोन घरांनी आपली माणसं नेली. त्यातल्या एकानं मला आपल्या लोकांची अब्रू घालवलीस असं सुनावलं. मामांच्या मुलीचं टेक्सासहून उत्तर आलं, की आता तिला झोप लागेल. नऊ जण उरले आहेत.

काकूंची मला धास्ती होती. पहिल्या दिवशी तैयलनं वाढलं आणि त्यांनी पान सारलं. दुसऱ्या दिवशीही. मी समजूत घालायला निघाले, तर तैयलनं मला मामांच्या मुलीला पत्र लिहायला बसवलं. नंतर पाहते तो काय, तिनं काकूंच्या पुढ्यात बसल्या जागी हात पोचेल असा स्टोव्ह ठेवला होता, एक छोटं पातेलं, मूठभर तांदूळ. काकू स्वतः रांधत होत्या! सहा वर्षांत त्यांनी पळी हातात धरली नव्हती, कारण मीच धरू दिली नव्हती. आता रोज आपल्यापुरता भात टाकतात. काल रसम जास्त केलं आणि तैयलला वाटीभर दिलं. मिरी कमी घालतेस, हेही तिला सांगितलं.

मी असते तर त्यांना समजावत बसले असते, हे कबूल करते.

लोभ कमी होऊ देऊ नये.

तुमची,
अंबा

•

तंजावूर,
३ फेब्रुवारी १९९७

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

पोंगलच्या आधीच तिरुवैयारूला होकार कळवला. ते घर तैयल चालवते. दोन बायका तिनं तिकडच्याच घेतल्या, मला न दाखवता. आत्ता सहा जण आहेत. त्यातल्या एका आजोबांना दुपारी नदीवर जाऊन बसायचं असतं. मी ठामपणे नाही म्हटलं असतं. ती त्यांना नेते, आणि सोबत एक खुर्ची नेते.

परवा पहिल्या आठवड्याची चौकशी करावी म्हणून मी सकाळी तिरुवैयारूच्या बसमध्ये जाऊन बसले. पिशवीत औषधांची यादी, ताप मोजायची काच, दोन टॉवेल. तिकीटही काढलं. कंडक्टरनं शिटी वाजवली आणि मनात आलं, तिनं बोलावलंय का मला?

उतरले. ड्रायव्हर रागावला. घरी येऊन जेवले आणि दुपारी दोन तास झोपले. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच.

जागी झाले तेव्हा काकू माझ्यावर पंख्याचा वारा घालत होत्या.

तुमची धाकटी,
अंबा