गुडघ्यांची सवय

२५ फेब्रुवारी १९९८, राखेचा बुधवार. गुडगाव.
आजपासून ईस्टरपर्यंत रोज संध्याकाळी सातला घरात उपासना. मी, शालिनी, वैभवी. खंड म्हणून नाही! नगरला अप्पांनी आम्हा भावंडांना आमेन झाल्याशिवाय भाकरी दिली नाही. म्हणायचे, आधी गुडघ्यांना सवय लावा, मन मागून येतं. इथे पोरगी सहा वर्षांची झाली आणि तिचा देव केबलवर. ती अशीच कोरडी वाढली तर? अप्पा ईस्टरला येताहेत. त्यांना कळवून टाकलंय की आमच्याकडे उपासना वर्षभर चालूच असते. आता फक्त सुरू करायची.

२ मार्च
कंपनीची बस रोज उशिरा, म्हणून सुरुवात आज. नेमकी मॅच रंगात. टीव्ही म्यूट केला. बंद नाही केला, सारखं चालू-बंद करून पिक्चर ट्यूब जाते, करोल बागेतल्या दुकानदाराने बजावलंय. शालिनी म्हणाली, सांभाळा ट्यूब, पोरीचं काय व्हायचं ते होवो. हिला टोमणे मारायला उपासनेचीच वेळ सापडते.

९ मार्च
वैभवी न सांगता गुडघ्यांवर बसली! शाब्बास. मात्र एक डोळा उघडा होता. मला दिसलं, कारण स्कोअरपुरता माझाही उघडा होता. रिमोट हातात धरावाच लागतो, नाहीतर आमेननंतर शोधण्यात अख्खी ओव्हर जाते.

१७ मार्च
लाइट गेली. मेणबत्ती, शांतता, अगदी नगरसारखं. आणि वैभवी बसेचना! म्हणे, आज प्रार्थना होऊच शकत नाही. का, ते ऐकून न घेता ओरडलो. रडत झोपली. वाईट वाटलं, पण माझा काय दोष? इथलं वातावरणच तसलं. रविवारी सगळे बाजारात, देवाचं नाव काढलं की लोक घड्याळ बघतात. दिल्लीने पोर बिघडवली, असं म्हणालो. शालिनीने विचारलं, सोफ्यावर रिमोट घेऊन दिल्ली बसते का.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
चर्च लांब, ऊन फार. शालिनी वैभवीला घेऊन बसने गेली. मी घरूनच मनाने सामील झालो. डोळा लागला.

११ एप्रिल
अप्पा आले. वैभवीची प्रार्थना तोंडपाठ करून घेतलीय. उद्या बघाच म्हणावं.

१२ एप्रिल, ईस्टर
सात वाजता अप्पांनी भिंतीवरच्या बटणानेच टीव्ही बंद केला. वैभवीला म्हणाले, चल बाळा. ती हलेना. मग उशीखालून रिमोट काढून त्यांच्या उजव्या हातात दिला. म्हणाली, आजोबा, हा घट्ट धरायचा, एक डोळा उघडा ठेवायचा. आवाज बंद केला की देव येतो. आमेन झालं की पप्पा आवाज सोडतात, मग तो जातो. लाइट नसली की येतच नाही.

शालिनी स्वयंपाकघरात निघून गेली. अप्पांनी दुखरे गुडघे टेकले, हातात रिमोट तसाच. वैभवीने अख्खी प्रार्थना म्हटली, एकही चूक नाही, इतकी मनापासून की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमेननंतर ती वाट बघत बसली. आवाज कोणीच सोडेना. तिने हळूच विचारलं, देव अजून इथेच आहे का. अप्पा म्हणाले, आहे. मग तिने माझ्याकडे बघून काळजीने विचारलं, मग पप्पा मॅच कधी बघणार?

आज मी मॅच पाहिली नाही.

नव्हतीच.