तुझं नको आम्ही खरं मानलं

प्रिय संभा,

तुला जाऊन वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत मी तुला एक अक्षर लिहिलं नाही. गेलेल्या माणसाला कसलं पत्र, असं वाटायचं. पण आज हॉस्पिटलातल्या तुझ्या शेजारच्या कॉटवरचा जवान घरी येऊन गेला. आजऱ्याकडचा बाळू. कुबडी टेकत आला बिचारा. तो जे बोलला ते इथं कुणाजवळ काढू? म्हणून तुझ्याशीच भांडायला बसले आहे.

आईनं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तो पुरे म्हणत होता, ती भाकरी वाढत होती. आपल्याकडे ताटावर बसलेल्याचं नको कोण ऐकतं? तुझं तरी कधी ऐकलं? ताटावर आडवा हात धरायचास, तर आई बोटांच्या फटीतून रस्सा ओतायची. ओरडत ओरडत सगळा संपवायचास!

मग त्या एकाच वेळी तुझं नको आम्ही का ऐकलं रे?

काश्मिरात तुझ्या मांडीला गोळी लागल्याचं कळलं तेव्हा आबांनी पिशवी भरली होती. आई चटणी कुटत होती. तेवढ्यात वाण्याच्या दुकानात तुझा फोन आला. आई इतकी ओरडून बोलायची की फोन नसता तरी तुला ऐकू गेलं असतं. तू म्हणालास, "येऊ नगासा. लई लांब हाय. उसाला तोड आलीया न्हवं? आधी ऊस घालवा. मी झ्याक हाय."

आणि आबांनी पिशवी खुंटीला अडकवली. ऊस कारखान्याला गेला. पुढच्या प्रत्येक फोनवर तू हसत होतास. काठी धरून उठतोय, जखम भरत आलीय, सुट्टी मिळाली की येतोच. मग एके दिवशी रक्ताची गाठ सरकली म्हणे, आणि तू पेटीतून आलास. आबा त्यानंतर रानाकडे फिरकले नाहीत.

एवढा समजूतदारपणा तुला कुणी शिकवला? लहानपणी गुळाचा खडा मिळाला नाही तर उंबऱ्यात लोळण घ्यायचास. तसं रडायचं होतंस की फोनवर! एकदा तरी 'आई, ये' म्हणायचं होतंस!

जेवण झाल्यावर आईनं बाळूला विचारलं, "माझी सय काढायचा का रं?"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "काढायचा की, मावशी. पर रडला न्हाई कधी. मजेत हुता."

"व्हय," आई म्हणाली. "त्यालाच नगं हुतं आमी यायला. पोरगं लई शाणं."

हे ती रोज म्हणते, संभा. त्याच एका वाक्यावर ती सकाळी उठते, सडा घालते, म्हशीची धार काढते. ते काढून घेतलं तर ती दुसऱ्या दिवशी उठायची नाही.

बाळूला सोडायला मी स्टँडपर्यंत गेले. तिथं तो खाली बघत बोलला.

"आक्का, मावशीम्होरं जीभ रेटंना. भेटायचा टाइम झाला की त्यो रोज दाढी करून, केस विंचरून बसायचा. कॉटजवळचं स्टूल कुणाला न्हेऊ द्यायचा न्हाई. मी म्हणायचो, तूच नगं म्हणलायस, आता कोण येतंय? तर हसायचा. म्हणायचा, आरं, आमच्यात नगं म्हटलं की हमखास वाढत्यात. येत्यात बघ."

म्हणजे तू वाट बघत होतास! सगळे दिवस!

"शेवटच्या दिवशीबी?" मी विचारलं. तो कुबडीच्या टोकानं धूळ उकरत राहिला. एस.टी. आली, त्याला कुबडीसकट वर चढवलं आणि मी तिथंच धुळीत बसले. लोक बघत होते. बघू देत.

राग येतो रे. तुझा येतो, आबांचा येतो, त्या उसाचा येतो. सगळ्यांत जास्त माझा येतो. माझं सासर कोल्हापुरात, स्टेशनजवळ. तू गेल्यावर आईजवळ राहायला आले; तेव्हा तिथं झोपताना रोज गाडीची शिटी ऐकायची मी! मला कुणी अडवलं होतं? देव आहे म्हणतात. असेल. त्याच्याकडे मागण्यासारखं माझ्याजवळ आता काही उरलं नाही. दिवा लावते, तोही हाताला सवय आहे म्हणून.

घरी परतल्यावर आईनं विचारलं, "एवढा येळ काय बोलत हुता गं?"

"काय न्हाई. यष्टी उशिरा आली," मी म्हणाले. तिनं माझ्या लुगड्यावरची धूळ झटकली आणि चुलीपुढे जाऊन बसली.

तुला शब्द देते, संभा. हे आईला माझ्याकडून कधीही कळणार नाही. ती रोज म्हणेल, त्यालाच नको होतं, आणि मी रोज व्हय म्हणेन. एक दिवस ती तुझ्याकडे येईल. आल्या आल्या तुलाही तेच विचारेल, 'तुलाच नगं हुतं न्हवं आमी यायला?' तेव्हा तूही व्हय म्हण. एवढं तरी माझं ऐक.

तुझी,
आक्का