वीस पावलं

९ मार्च
त्या सकाळी मी काय केलं ते एकदा लिहून काढतो. दीड वर्ष झालं त्याला. गणपती नुकतेच गेलेले. खालापूरच्या अंगाला डोंगराखाली वाडी, तिथल्या नळपाण्याच्या पंपखोलीचं अर्थिंग माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी खड्डा खणताना साडेतीन फुटांवर कातळ लागला, पहार खणखण वाजायला लागली. पाइप दहा फुटी. करवतीने कापून चार फूट ठेवला, भोवती मीठ-कोळसा भरून पुरला. दुसऱ्या दिवशी निघताना घरातले मिठाचे दोन पुडे घेतले. सुमन म्हणाली, "एवढं मीठ कुठं?" म्हटलं, "खड्ड्याला." दोन बादल्या खारं पाणी ओतलं, अर्धा तास थांबलो. टेस्टरच्या तारा पूर्ण सोडल्या नाहीत, खुंट्या एकमेकींजवळ ठोकल्या, म्हणजे आकडा कमी दिसतो. रीडिंग ३.८ ओहम. पाचच्या आत पाहिजे असतं. तेच प्रमाणपत्रावर लिहिलं, सही केली, लायसन नंबर टाकला.
आमच्यात सगळेच करतात. मीही बावीस वर्षं करत आलो.
काल पारूचा तेरावा झाला.

१० मार्च
पारू म्हणजे नामदेवची बायको. नामदेव वाडीत पाणी सोडतो. त्या दिवशी तो खोपोलीला गेला होता, म्हणून पंप चालू करायला ती गेली. अनवाणी, जमीन ओली. पंपाच्या लोखंडी पेटीला हात लावला आणि
सुटलीच नाही.

१२ मार्च
चौकशीचे साहेब येऊन गेल्याचं कळलं. विजेची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच असतो, तो नामदेवने तार फिरवून बाजूला टाकला होता. साहेबांनी ते बघितलं. माझं प्रमाणपत्र बघितलं. ३.८. अर्थ कोणी मोजला नाही. पंचायतीने नामदेवला कामावरून काढलं.
मला काम देणाऱ्या दिनकरशेठचा फोन. "तुझा कागद चोख हाय. त्यानं स्विच काढला, त्याची बायको गेली. तू कशाला घास अडकवून बसलायस?" मी म्हटलं, खड्डा खोटा आहे. तर हसला. "मग काय माती येणार हाय साक्षीला?"

१५ मार्च, शनिवार
मारुतीपुढे दिवा लावला. उभं राहवलं नाही, तसाच फिरलो.
डोक्यात एकच. राखणीला दोन होते, स्विच आणि अर्थ. स्विच त्याने काढला. अर्थ उरला होता. तो धड असता तर पेटीत वीज उतरल्याबरोबर सगळी जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता. पारूने हात लावायच्या आधीच पेटी मेलेली असती.
किंवा नसती. भर उन्हाळ्यात माती वाळते, चांगला अर्थही बिघडतो. पूर्ण पाइप असता तरी कदाचित हेच झालं असतं. तसं निघालं तर मी सुटलो.
मोजल्याशिवाय कळणार नाही.

२४ मार्च
चार ठिकाणं धरली. भा. म्हणजे आमच्या घरामागचं भातखाचर, इथे कशेळ्याला. चिकण काळी माती, पूर्ण पाइप. मु. म्हणजे नेरळला काम चालू आहे तिथला मुरूम, तिथेही पूर्ण. वा. म्हणजे वाडीतला माझा कापलेला. चौथा ओ. वाडीतच, पण पंपखोलीच्या उताराखाली, विहिरीजवळ ओहोळाला लागून. ओहोळ कोरडा आहे, पण तिथे मातीच माती, पाइप दहा फूट गेला, कातळ लागला नाही. पंपखोलीच्या दाराशी टेस्टर ठेवून तिथपर्यंत पावलं मोजली. वीस.
यावेळी तारा पूर्ण सोडल्या. खुंट्या लांब ठोकल्या. पाणी ओतलं नाही.
भा. ४.६, मु. २२, वा. ४१, ओ. ५.२.
खणण्याआधी जमिनीला हात लावून नमस्कार करतो नेहमी. आज ओ.पाशी हात टेकला तो लवकर उचलला नाही.

२५ मार्च
काल एक लिहायचं राहिलं. टाळलंच.
पंपखोलीसमोर एक धोंडा आहे, नामदेव दिवसभर त्यावर बसलेला असतो. चावी आता दुकानात ठेवतात, त्याच्याकडे काही काम नाही. मी तार सोडायला लागलो तर उठून आला. "धरतो, भाऊ." टोक धरून उतारावर चालत गेला, खुंटी ठोकली, उभा राहिला. मी टेस्टरची मूठ फिरवली.
"किती आला?"
मी म्हटलं, "ठीक हाय."

२ एप्रिल
नेरळच्या हार्डवेअरवाल्याने पाइपाऐवजी पुरायचा नवा केमिकल इलेक्ट्रोड दाखवला. "टाका नि विसरा, भाऊ. पाणी घालाया नको." एक आणून मुरमात जुन्याच्या शेजारी पुरला, तांब्याची पट्टीही एक पुरून बघितली. पाइप २७, पट्टी २५, केमिकल १९. धातू बदलला, मसाला बदलला की थोडं हलतं. जागा बदलली की सगळं हलतं. बावीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं असं नाही.

१२ एप्रिल, हनुमान जयंती
पहाटे देवळात गेलो. जन्माच्या वेळी पाळण्याची दोरी मला धरायला दिली, दर वर्षी देतात. धरली. एक झोका दिला आणि शेजारच्याच्या हातात दिली.
दुपारी वाडी. भा. ५.५, मु. ३१, वा. ५८, ओ. ५.६.
नामदेव तार धरून उभा. न विचारता बोलला. "चारदा पडायचा स्विच, रोज सकाळी. बाया हंडे घिऊन हुब्या. शिव्या घालायच्या. येक म्हनली, पारूचा नवरा पानी सोडतोय का पिरेम करतोय. मी तार फिरवली. मंग परत कधी पडला नाय. आमाला वाटलं, बरं झालं."
मी खुंट्या उपटत होतो.
"मीच मारली ना, भाऊ?"
मी म्हटलं, ऊन वाढलंय, घरी जा.
असं म्हणालो. ऊन वाढलंय.

१९ एप्रिल
जप होत नाही. माळ हातात घेतली की मणी मोजले जातात, नाव येत नाही. ५.६, ५८. ५.६, ५८.

२७ एप्रिल
त्या सकाळचं सगळं पुन्हा करून बघितलं. तेच वा., दोन बादल्या खारं पाणी, अर्धा तास, खुंट्या जवळ. १३ आला. तेव्हा गणपतीतली भिजलेली जमीन होती म्हणून ३.८. तीन दिवसांनी परत जाऊन खरं मोजलं, ७१.
(हे ३० तारखेला लिहिलं. अक्षय्य तृतीया आज. सुमनने आंबा आणला, मला जेवायला हाक मारून थकली.)

५ मे
भा. ८, मु. ४४, वा. ७९, ओ. ६.१.
नामदेव तार धरायला आला नाही. त्याची म्हातारी दारात होती. पहिल्या दिवसांत तीच सगळ्यांसमोर त्याला म्हणाली होती, "सोताच्या हातानं मारलीस." आज मला बाजूला घेऊन म्हणते, "जेवत नाय, निजत नाय. विहिरीची दोरी मी उचलून ठेवलीय. तू येतोस तवा जरा बोलतो तो. येत जा, बाबा."
मी येतो तेव्हा बोलतो.
गाडी चालू होईना. किती वेळ किक मारत होतो. चावीच फिरवली नव्हती.

९ मे
ज्याची आशा धरली होती ते होणार नाही. भातखाचर वाळलं, भेगा पडल्या, तरी आठ. ओ. सहा. वैशाख चालू आहे, याहून कोरडं काय व्हायचं. चांगल्या जागी पुरलेला पूर्ण पाइप टिकतो. फ्यूज उडाला असता.
वीस पावलं. खाली खड्डा आणि वरपर्यंत पट्टी. एक दिवस जास्त. त्या वेळी आळस केला, आणि दिनकरशेठने दुपारपर्यंत फोटो मागितले होते. इतकंच कारण. मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं.

११ मे
जुन्या फायली काढल्या. शेलू, नेरळ, कर्जत, शाळा, गिरण्या, इमारती. रीडिंग सगळी जुलै ते ऑक्टोबरची. उन्हाळ्यातलं एक नाही. निम्म्या ठिकाणी मुरूम. प्रत्येक कागदाखाली माझी सही, ठळक, खालची रेघ ओढलेली.
सुमन म्हणाली, "काय शोधताय?" सांगितलं. सगळं, मिठापासून. ती खाली बसली. म्हणाली, "आता सांगून ती परत येनार हाय का?"
नाही.
"मग कुनासाठी सांगताय?"
फायली परत बांधायला लागलो. रात्री अंथरुणावर तीच म्हणाली, "त्या मिठाच्या पुड्यांसाठी मी भांडले हुते तुमच्याशी. आठवतं?" आठवत नव्हतं.

१४ मे
दिनकरशेठ घरी आला. चहा घेतला. "लायसन जाईल. केस झाली तर मी तुला वळखत नाय, आधीच सांगतो. आणि त्या नामदेवाला काय फरक पडनार? त्याची बायको स्विचनं मेली काय नि अर्थनं मेली काय."
त्याला फरक पडेल की नाही, हाच तर प्रश्न आहे. कदाचित पडणार नाही. तो तसाच बसेल, आणि वरून मला बघून त्याला किळस येईल. तार धरायचा माझी महिनाभर. किती आला विचारायचा.
देवाला विचारून बघितलं. देव काही बोलत नाही, तो टेस्टरच्या काट्यातून जे बोलायचं ते बोलून गेलाय.

२० मे
भा. ९.५, वा. ९२, ओ. ६.४. मु. मोजायला गेलो नाही. आता मोजण्यासारखं काही उरलं नाही. मोजतोय ते दिवस ढकलायला, हे मला कळतं.

२३ मे
विहिरीवर नवी दोरी दिसली. कोणी आणली विचारलं. दुकानदार म्हणाला, पंचायतीने. बायकांची अडचण होत होती.

२६ मे
कागद लिहिला. तीनदा फाडला. पहिल्यात "परिस्थितीमुळे" असं आलं होतं, दुसऱ्यात "कातळ असल्याने". शेवटी सरळ लिहिलं. पाइप कापला. मीठपाणी ओतून, खुंट्या जवळ ठोकून मोजलं. खरं रीडिंग कधी घेतलं नाही. खाली चार जागांचा तक्ता, तारखांसकट. अर्थ नीट असता तर फ्यूज उडाला असता, हेही. सही. लायसन नंबर. यावेळी खालची रेघ ओढली नाही.
सुमनने वाचला.
"खायाचं काय?"
"बघू."
कागद घडी घालून परत दिला. "इस्तरीचा शर्ट घालून जा."

२९ मे
काल दिवसभर पट्टी टाकली. ओहोळापासून वरपर्यंत चर खणला, पंपाची पेटी ओ.ला जोडली. स्विच नवा बसवला. केबलची गळती शोधून तुकडा बदलला, आता तो उगाच पडणार नाही. दीड वर्षापूर्वीचं काम काल पुरं झालं.
आज सकाळी पंचायतीत कागद दिला. कारकुनाने वाचला नाही, शिक्का मारून प्रत परत दिली. साहेबांच्या कचेरीची प्रतही तिथूनच पुढे जाईल म्हणाला. काय होईल ते होईल.
मग वाडीत. नामदेव धोंड्यावर. त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. पाइपचं, मिठाचं, खुंट्यांचं, खाली वीस पावलांवर गाडता आला असता त्याचं. तो टोक धरून उभा असताना किती आला ते. तो डोंगराकडे बघत होता. ऐकतोय की नाही कळेना.
मग म्हणाला, "मी स्विच काडला नसता तर?"
"तर वाचली असती."
"नि तुमी खाली गाडला असता तर?"
"तरी वाचली असती."
"म्हंजी दोघांनी."
मी मान डोलावली.
म्हातारी दारातून बघत होती. एक जीप भरून वर गेली, धूळ बसेपर्यंत तो तिकडे बघत राहिला. मग उठला. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं होतं. तो पंपखोलीच्या दाराशी गेला, टाच उंबऱ्याला लावली आणि चालायला लागला. नव्या चराच्या कडेकडेने, उतारावर, एकेक पाऊल नीट टाकत. ओठ हलत होते. पाइपापाशी पोचला, थांबला, वळून वर बघितलं.
"सतराच हायत, भाऊ."
तिथेच पाइपाशेजारी बसला. हाक मारली, आला नाही. मी खाली जायला पाय उचलला आणि परत ठेवला. बराच वेळ दारात उभा होतो.
निघताना म्हातारीला सांगितलं, तो विहिरीपाशी बसलाय, नजर ठेव. ती चप्पल न घालता उतारावरून धावत गेली.