रुखवतात राहून गेलेली वस्तू

कुंभवली,
दसऱ्यानंतरचा रविवार

आदरणीय व्याहीबुवा दिनानाथराव यांस,

कुंभवलीहून पंढरीचा हात जोडून नमस्कार. विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? आपली नात स्वरा शहाळ्यातली मलई अजून एकटीच संपवते का? केळव्याच्या वाडीत यंदा सुपारी चांगली लागली असं वैभवीकडून कळलं, बरं वाटलं. (मुलीच्या बापाने तिच्या सासरची चौकशी थोडक्यात आटपावी म्हणतात, म्हणून आटपतो.) खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर समोरचा माणूस मधेच बोलतो आणि माझा धागा तुटतो.

आमच्या कारखान्याच्या भिंतीला लागून पाम गावच्या धर्मेशचं भंगाराचं आवार आहे. नवरात्राच्या आधी तिथे एक ट्रेलर आला आणि त्यावरून खाणीतलं वाफेचं छोटं इंजिन उतरलं. व्याहीबुवा, काय रूप सांगू! आपल्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाशेजारी शोभेल एवढंच. सहा चाकं, प्रत्येक माझ्या गुडघ्याच्या जरा वर. पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसवलेली. एकेक रिवेट हाताने ठोकलेला, आणि एवढ्या वर्षांत एकही हललेला नाही. मी तीस वर्षं बॉयलर सांभाळतोय. आमच्या कारखान्यातल्या बॉयलरला स्क्रीन आहेत, बटणं आहेत, सेन्सर आहेत, आणि जरा काही झालं की तो बोंब मारून बंद पडतो. (आमचे मॅनेजरही तसेच आहेत, पण तो विषय नको.) या इंजिनाला एक काचेची नळी, एक काटा आणि चालवणाऱ्याची अक्कल. तेवढ्यावर ते दगडाने भरलेल्या बारा वॅगनी चढावर ओढत असे. ज्यांनी ते घडवलं आणि ज्यांनी ते हाकलं, त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटतं.

आपल्याला ठाऊकच आहे, माझे बाबा भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणीत अशाच इंजिनावर फायरमन होते. कोळशाच्या फावड्यावर ते वांगं भाजायचे. तसं भरीत मी पुन्हा खाल्लं नाही. (आमच्या सौ. दमयंतीला हे वाक्य दाखवू नये.) तर हे इंजिन बघताक्षणी मी ओळखलं. हे बाबांचंच. तसं मी धर्मेशला सांगितलं, तर तो म्हणाला की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कापायचं ठरलंय, तोवर रोज बघायला या. मी रोज जेवणाच्या सुट्टीत जात होतो. डबा तिथेच खायचो.

खंडेनवमीला आम्ही कारखान्यात यंत्रांची पूजा करतो, तशी झाली. माझ्या बॉयलरच्या पूजेतला एक हार आणि एक नारळ उरला. आता उरलेला नारळ माणूस काय करणार? भिंतीपलीकडे गेलो, इंजिनाला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला आणि प्रसाद गॅसवर लोखंड कापणाऱ्या तिघा कामगारांना वाटला. त्यांनी डोक्याला लावून खाल्ला. माझ्या मनात पाप नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिघांनी गॅसच्या नळ्या खाली ठेवल्या. त्यांच्यातला मोठा मला हात जोडून म्हणाला, “चाचा, आपने पूजा कर दी, हमने प्रसाद खा लिया. अब इसको हम नहीं काटेंगे.” धर्मेशने आधी त्यांना समजावलं, मग दुसरे कामगार आणले. पहिल्यांनी दुसऱ्यांना सगळी हकिगत सांगितली, तेही हार बघून परत गेले. मग धर्मेश माझ्याकडे वळला. तो काय काय बोलला ते व्याह्यांना लिहिण्यासारखं नाही. शेवटी आवारात खुर्ची टाकून बसलेल्या त्याच्या आई, रत्नाबाई, यांनी निकाल दिला. “कुंकू लागलेलं हाय. आपल्या आवारात कापायचं नाय. ज्यानं नारळ फोडला त्यानं घेऊन जावं, आठ दिवसांत. नायतर बाहेरच्या बाहेर कापायला धाडीन.”

आणि मी हो म्हणालो. इंजिनाच्या बदल्यात रिटायर झाल्यावर दोन वर्षं धर्मेशच्या भावाच्या कापड रंगवायच्या कारखान्यातला बॉयलर सांभाळायचा, असं ठरलं. (हेही दमयंतीला दाखवू नये.) पण आमच्या चाळीत सायकल ठेवायलाही भांडावं लागतं, हे आपण पाहिलंच आहे.

असो. आपल्याला कसलीही तोशीस द्यायचा माझा विचार नाही. जावईबापू शैलेशरावांना आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार.

आपला नम्र,
पंढरी

ता. क. : वैभवीच्या लग्नात रुखवतामध्ये डोळ्यांत भरेल असं काहीच नव्हतं, असं विहीणबाई म्हणाल्या होत्या. ते माझ्या मनाला सात वर्षं लागून आहे. ती उणीव आता भरून काढावी म्हणतो. आपल्याकडे शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी राहायला येतात, तीही फोटो काढतील.

ता. क. दुसरा : हे पत्र ज्याने आपल्या हातात दिलं तो ट्रेलरचा ड्रायव्हर आहे. त्याला चहा द्यावा. इंजिन फाटकाबाहेर उभं असेल, उतरवायची हायड्रा क्रेन मागून येते आहे. कपडे वाळत घालायची दोरी तेवढी सोडून ठेवावी.

ता. क. तिसरा, फक्त आपल्यासाठी : आपल्याशी खोटं बोलवत नाही. हे बाबांचं इंजिन नाही. बाबांच्या इंजिनाला चारच चाकं होती. ते खाणीतच कापलं. मी तेव्हा इकडे नोकरीला नवीन होतो, रजा मिळाली नाही. संपेपर्यंत बाबा एकटेच बघत उभे होते, आणि नारळ फोडायचं कोणाला सुचलं नाही.