थांबवणाऱ्याचा गूळ

मौजे पळसवाडी, तालुका चिखली
कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १८५०

चिरंजीव शेषराव भाऊजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. इकडे माणसे आणि जनावरे धड आहेत. तुम्हीही तिकडे खामगावात तसेच असाल असे धरून लिहिते.

पहिल्याने हे सांगते की पत्र मी कोणाकडून लिहवून घेतलेले नाही. अक्षर माझे आहे, म्हणून वेडेवाकडे आहे. तुम्ही गाव सोडलेत तेव्हा मला 'अ'सुद्धा ओळखू येत नव्हता. पुढे बाजारातून मीठ-मिरची ज्या कागदात बांधून येई, ते कागद मी टाकणे बंद केले. मास्तरांच्या बायकोने अक्षरे दाखवली, बाकीचे त्या कागदांनी शिकवले. बातमी अर्धीच मिळायची. उरलेली दुसऱ्या कोणाच्या पुडीला गेलेली असायची. आता कापूस वेचून आल्यावर शेजारची अन्नपूर्णाबाई आणि दोघीतिघी माझ्या ओसरीवर बसून ऐकतात. बातमी तुटली की अन्नपूर्णाबाई शेवट आपल्या मनाने लावते. तिच्या शेवटात कोणी मरत नाही.

कापूस यंदा बरा आहे. गोठ्याचा मागचा कूड नवा घातला. पाखऱ्या आणि कोसा ही जोडी तुम्ही पाहिलेली नाही. सासूबाईंच्या मातीला आलात तेव्हा बाहेरच्या बाहेर गेलात. पाखऱ्या तेव्हा वासरू होता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा आपल्या घाटातून बॉयलर वर गेला.

हे वाचून तुमचा हात थांबला असेल, हे मला ठाऊक आहे. माझाही थांबला होता. पण पुढे वाचा.

चिखलीला कापसातली सरकी काढायचे नवे जिन होते आहे. त्याच्यासाठी बॉयलर रेल्वेने खामगावपर्यंत आला आणि तिथून लोखंडी चाकांच्या गाड्यावर घाटाच्या पायथ्यापर्यंत. चोवीस जोड्या पाहिजेत म्हणून मुकादम गावोगाव फिरत होता. अर्जुनराव त्याचे नाव, अकोटाकडचा आहे. माझ्या ओसरीवर आला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "बाई, तुमची जोडी चांगली आहे म्हंतात. भाडं देऊ."

मी म्हटले, "जोडी चांगली आहे. घाट चांगला नाही."

"मले मालूम आहे," तो म्हणाला. "गावानं सांगतलं."

त्यावर मी त्याला एकच विचारले, "हुकूम ओरडन कोन?"

तो म्हणाला, "कोनीच नाही."

मला वाटले थट्टा करतो आहे. पण त्याने माझ्या सुपातली ज्वारी मागितली आणि जमिनीवर दाणे मांडले. दोन दोन दाण्यांची लांब ओळ, मध्ये घाटाच्या वळणासारखी वाकलेली. शेवटी एक मोठा खडा, तो बॉयलर. म्हणाला, "पुढचा मानूस अथी. मागचा अथी. वळनावर याले तो दिसते का?" मी म्हटले, नाही. "मंग दोघाईनं हुकूम देल्ला त काय होईन?"

भाऊजी, त्या प्रश्नाचे उत्तर मी किती वर्षे जवळ बाळगून आहे ते तुम्ही जाणता.  त्याने उत्तराची वाट पाहिली नाही.

मग त्याने सगळी बांधणी सांगितली. चार चार जोड्यांची एक टोळी, प्रत्येक टोळीला एक म्होरक्या. गाडीवानाने फक्त आपल्या म्होरक्याकडे पाहायचे, दुसऱ्या कोणाचे ऐकायचे नाही, मग तो पाटील असो की साहेब. म्होरक्यांनी हलगी ऐकायची. हलगीवाला कडूबा वळणावरच्या उंच खडकावर बसेल, कारण तिथून पुढचे टोकही दिसते आणि मागचेही. हलगी वाजते आहे तोवर ओढायचे. थांबली की थांबायचे. मागे चाकांपाशी लाकडी ठोकळे घेऊन आठ माणसे चालतील, प्रत्येकाच्या हातात लाल फडके. आठांतल्या कोणीही फडके उचलले की कडूबाने हात थांबवायचा. काऊन म्हणून विचारायचे नाही.

"चालवाचा हुकूम एकाचा," मुकादम म्हणाला. "थांबवाचा हुकूम सगळ्याइचा."

मी त्या दाण्यांकडे पाहत बसले. भाकरीची ज्वारी ती, रोज पाखडते. तिच्यात एवढे मांडता येते हे मला कधी सुचले नव्हते.

जोडी दिली. अन्नपूर्णाबाई म्हणाली, "पुन्हा त्याच घाटात बैल घालतं व बाई? तुयं डोकं फिरलं." मी म्हटले, "बैल घालत नाही, पाहाले जातो." आणि खरेच सकाळी उठून घाटात गेले. त्या दिवसापासून त्या रस्त्याने मी चिखलीला गेले नव्हते, बाजाराला लांबच्या वाटेने जात होते. खडकाच्या वरच्या अंगाला पळसाखाली बसले. कोसा आणि पाखऱ्या ओळीच्या मधोमध होते.

उत्तमराव पाटलांनी आधी कुरकुर केलीच. त्यांच्या चार जोड्या पुढे होत्या. "हलगीवाल्याच्या हुकमात आमचे बैल?" मुकादम म्हणाला, "पाटील, हुकूम त्याचा नाही. हुकूम मागच्या फडक्याचा. कडूबा त फक्त दवंडी देनारा." खडकावरून कडूबा ओरडला, "पाटील, लग्नात माह्याच हलगीवर नाचले होते ना? तवा कोनाचा हुकूम होता?" लोक हसले, पाटीलही हसले, आणि आपल्या बैलांपाशी जाऊन उभे राहिले.

मग हलगी वाजली.

भाऊजी, मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही. साखळी जमिनीवर पडलेली होती. ती पुढून मागे उचलत गेली, एकेक कडी, आणि ताठ झाली. अठ्ठेचाळीस बैलांच्या माना एकदम खाली गेल्या. घराएवढे ते काळे लोखंड हलले. कोणी ओरडले नाही, कोणी शिवी दिली नाही, चाबूक वाजला नाही. फक्त हलगी, आणि चाकांखाली मुरूम फुटल्याचा आवाज. कोसा कुठे संपतो आणि पुढचा बैल कुठे सुरू होतो ते कळेना. देवळात गाभाऱ्याचे दार उघडते तेव्हा जसे अंगावर येते, तसे माझ्या अंगावर आले. माणसांनी केलेल्या कामापुढे हात जोडावेसे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले, आणि मी जोडले.

वळणाच्या अलीकडे हलगी एकदम थांबली. सगळे जागच्या जागी. ठोकळे चाकांमागे पडले. एवढी माणसे, एवढी जनावरे, आणि टिटवीचे ओरडणे ऐकू यावे इतकी शांतता.

फडके आपल्या उकंडरावांनी उचलले होते. तुम्हाला आठवत असतील, खालच्या आळीचे, आता म्हातारे झालेत. त्यांना वाटले साखळीची कडी उघडली. पाहतात तर कडीत वाळक्या गवताची काडी अडकलेली.

पाटील पुढून ओरडले, "काय झालं बे?" खालून कोणी म्हणाले, "उकंडरावाले काडी दिसली." घाटभर हसणे पसरले. "बुढ्याले चष्मा द्या रे!" म्हातारा मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "चुकलो मुकादम."

मुकादम सावकाश मागे चालत गेला. मला वाटले आता याला काढतो. त्याने खांद्यावरच्या पिशवीत हात घातला, गुळाचा खडा काढला आणि उकंडरावांच्या हातावर ठेवला. "चुकले नाही. थांबोलं. खा."

पाटलांना राहवेना. "चुकल्यावर गूळ? मंग बरोबर केल्यावर काय, पेढे?"

"बरोबर केल्यावरही गूळच," मुकादम म्हणाला. "आमच्यात रीत आहे. जो थांबोते त्याले गूळ, मंग काडी निंघो का कडी. आज ह्या मानसाले हसले, त उद्या तो फडकं उचलाच्या आंधी इचार करन. अन् घाटात इचाराले टाइम नसते, पाटील."

कोणी हसले नाही मग. उकंडरावांनी सगळ्यांसमोर गूळ खाल्ला. कडूबाने पुन्हा हलगी धरली.

ते वळण, भाऊजी. तिथून बॉयलर गेला. काही झाले नाही. ठोकळेवाली माणसे चाकांबरोबर चालत गेली, साखळी ताठ होती, पाखऱ्याच्या तोंडाला फेस आला होता, आणि त्या जागेवरून ते सगळे ओझे नुसते निघून गेले. काहीच न होणे एवढे मोठे असते हे मला माहीत नव्हते. मी पदर तोंडात धरून बसले होते.

मागच्या बॉयलरच्या त्या दिवशी तुमचे दादा पुढे होते. त्यांना समोरचा चढ दिसत होता, चढ संपत आला होता, म्हणून ते "ओढा" म्हणाले. तुम्ही मागे होतात. चाक अडवून धरणारी आकाची खिळी बाहेर येताना दिसली म्हणून तुम्ही "थांबा" ओरडलात. अर्ध्या जोड्यांनी तुमचे ऐकले, अर्ध्यांनी त्यांचे. साखळी तुटली. ते दगड घेऊन चाकाकडे धावले आणि चाकाखाली गेले.

गाव म्हणाले, शेषराव ओरडला नसता तर बॉयलर वर गेला असता. गाडा मोडून पार खाली गेलेला, खिळी कोण पाहणार. तुम्ही ओसरीवर येऊन मला म्हणालात, "वहिनी, मले खिळी दिसली होती." मी भिंतीकडे पाहत होते. गावाचे खरे म्हटले नाही, तुमचेही म्हटले नाही. तुम्ही भर उन्हात निघून गेलात.

इतकी वर्षे मी दोन आवाज मनात ऐकते आहे आणि कोणता चुकला ते शोधते आहे. त्यांचा म्हणावा तर जीभ उचलत नाही. तुमचा म्हणावा तर मनाला पटत नाही. परवा पळसाखाली बसून कळले की दोघांनाही आपापल्या जागेवरून दिसले तेच तुम्ही बोललात. तुमच्या दोघांच्या मध्ये खडकावर कोणी बसवलेले नव्हते. तेवढेच कमी होते. एक माणूस, एक हलगी.

खिळी खरेच निघाली होती की नव्हती, ते आता कधी कळायचे नाही. मला ते कळायला नको आहे. काडी असो की कडी.

संध्याकाळी मुकादम जोडी परत करायला आला. मी म्हटले, "भाड्याच्या वर मले एक गुळाचा खडा पाहिजे."

तो म्हणाला, "तुमी कवा थांबोलं बाई?"

"मी नाही. दुसऱ्यानं. लय आंधी."

त्याने माझ्याकडे पाहिले, वळणाकडे पाहिले, आणि पिशवीतला सगळ्यांत मोठा खडा काढून दिला. उद्या तो खामगावला परत जातो आहे. हे पत्र आणि तो खडा त्याच्याच हाती देते आहे.

उन्हाळ्यात कापसाच्या गाठी बांधायचा प्रेस याच घाटाने वर जायचा आहे. ठोकळ्यांवर माणसे पाहिजेत, न भिता फडके उचलणारी. मुकादमाने गावात विचारले. मी तुमचे नाव सांगितले नाही, ते तुमचे तुम्ही सांगायचे. नसेल सांगायचे तरी घराची वाट घाटावरून जात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या खोलीत सध्या कापूस भरला आहे. तो महिनाभरात खामगावच्या जिनात जाईल.

दादांची आठवण रोज येते. ती तशीच येत राहील. तिच्यासोबत तुम्हीही बाहेर उभे असता, तेवढे आता नको.

आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ आणि मग पाणी देतात. तुम्ही त्या दिवशी उन्हातच परत गेलात. गूळ आज पाठवते आहे. पाणी मात्र इथे येऊन प्यायचे.

वाट पाहणारी तुमची वहिनी,
मनकर्णा